पिंपळाच्या पानांचा लॅम्प: पावसाळा काढल्यानंतर

हा टेबल लॅम्प आमच्या परळच्या घरात उन्हाळ्यात आला, आता पावसाळाही पार पडलाय, तेव्हा बोलायला हरकत नाही. बनवणारा मुलगा गिरणगावातलाच. खाली काँक्रीटचा ठोकळा, त्याचा एक कोपरा मुद्दाम फोडून आतली गंजकी सळई उघडी ठेवलेली. वर जीआय पाइपची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी नळीची दांडी आणि पिंपळाच्या जाळीदार पानांची शेड. बंद गिरणीच्या भिंतीतून पिंपळ उगवतो, ती कल्पना. 1982च्या गिरणी संपानंतर इथे वाढलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

खरी मेहनत शेडमध्ये आहे. पानं कित्येक दिवस पाण्यात कुजवायची, सुटलेला गर मऊ ब्रशने काढायचा, उरलेली शिरांची जाळी वाळवून तारेच्या सांगाड्यावर एकावर एक चिकटवायची. दिवा लावला की जिथे दोन-तीन पानं एकत्र येतात तिथे गडद, एकच असेल तिथे मधासारखा रंग. 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, 5 वॉटचा एलईडीच लावा. पांढऱ्या उजेडात सगळी मजा जाते आणि जुना पिवळा बल्ब पानं तापवून ठिसूळ करेल. वाचायला मात्र हा उजेड पुरत नाही.

सळईवर लॅकर मारलंय म्हणून सांगितलं होतं. जुलैत तिच्या टोकाला ताजा गंज चढला आणि शेजारी काँक्रीटला बारीक चीर गेली. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं. आमच्या जिन्यातल्या स्लॅबचे पोपडे असेच पडतात. म्हणजे शोभेची पडझड आमच्या दमट, खाऱ्या हवेने मनावर घेतली! चीर मला आवडते. टेबलावर पडणारी तांबडी भुकटी बायकोला आवडत नाही, आणि पुसते तीच, त्यामुळे आता खाली ताटली आहे.

एक गोष्ट मात्र कलाकारी म्हणून खपवून घेऊ नका. दांडी लोखंडाची आणि प्लग दोन पिनांचा, अर्थिंगच नाही. पावसाळ्यात ओल्या हाताने कुणीही दांडीला हात लावतं. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून तीन तारांची वायर आणि थ्री-पिन प्लग आणला, इलेक्ट्रिशियनकडून दांडीला अर्थिंग जोडून घेतलं. ऑर्डर देतानाच हे सांगा. मुलगा ऐकणारा आहे, पुढच्या लॅम्पला करतो म्हणालाय.