कॅनडाच्या ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’च्या नावाखाली आमचे 4,35,000 रुपये गेले

चकाचक ऑफिस, भिंतीवर मेपलच्या पानाचा झेंडा, ‘आपलाच मराठी माणूस’ म्हणून पाजलेला चहा, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. आमचे पैसे घेणारा इमिग्रेशन एजंट अंधेरी पूर्वेला मेट्रो स्टेशनजवळ बसतो. नाव लिहू नका असं वकिलाने बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला शिकायला गेला. आंतरजातीय लग्न केलं, मुलीकडच्यांनी गावी धमक्या दिल्या, म्हणून त्याने तिथे आश्रय मागितला. (गोष्ट रचली असेल म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये.) अर्ज फेटाळला गेला, त्यावरचं अपील ऐकणाऱ्या रेफ्युजी अपील डिव्हिजननेही तोच निकाल कायम ठेवला. कारण काय, तर हा मुंबईसारख्या मोठ्या शहरात सुरक्षित राहू शकतो. भांडुपला मामाकडे वन रूम किचनमध्ये!

यानंतर उरतं फेडरल कोर्ट. तो निर्णय योग्य होता का हे कोर्टाने तपासायचं, यालाच ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ म्हणतात. तिथे अर्ज करायला निकाल कळल्यापासून 15 दिवस मिळतात. एजंटला हे पक्कं माहीत होतं, त्या घाईवरच त्याचा धंदा चालतो. “काका, आज पैसे आले तर उद्या फायलिंग.” ताईने पतपेढीतली ठेव मोडली. सिनियर वकिलाचे 2,80,000, कोर्ट फी 65,000, अर्जंटचे 50,000, अॅफिडेव्हिट-नोटरी-भाषांतर 40,000. फेडरल कोर्टाची खरी फी 50 कॅनेडियन डॉलर आहे. आपले तीन हजारांच्या आसपास.

आता ज्याने झोप उडाली ते सांगतो. फायलिंग झालं म्हणून त्याने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली. वर गोल शिक्का, खाली ‘ब्रॅम्प्टन बेंच’, नंबर ‘जेआर’पासून सुरू होणारा. मी उभी हयात फोर्टात वकिलाकडे कारकुनी केली. हायकोर्टात रिट दाखल झालं की आधी लॉजिंग नंबर किंवा स्टॅम्प नंबर विचारायचा, तो टाकून स्टेटस बघायचं, हे मला झोपेतही येतं. त्या दिवशी मी शिक्का मोठा करून पाहिला, कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, दुसरीकडून उचलून चिकटवल्यासारख्या. मनात आलंही. पण ताई समोर पदर तोंडाला लावून बसलेली, पोरगा रोज फोनवर, आणि परदेशातलं कोर्ट, तिथली पद्धत आपल्याला काय माहीत? तुम्ही असता तर तुम्हीही गप्पच बसला असतात.

तर पद्धत ही: तिथल्या इमिग्रेशनच्या प्रकरणांचा नंबर ‘आयएमएम’ने सुरू होतो. कोर्टाच्या वेबसाइटवर नंबर किंवा नाव टाकून कुणालाही फुकट बघता येतं. आमच्या पोराच्या नावावर तिथे काहीच नव्हतं. ते कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

“आमचा कन्सल्टंट कोर्टात उभा राहील,” असंही तो म्हणाला होता. कन्सल्टंटला, अगदी लायसन्सवाल्यालाही, फेडरल कोर्टात बाजू मांडता येत नाही; दुसऱ्यातर्फे उभं राहायला वकीलच लागतो. आणि “जज थेट पीआर (कायम राहण्याचा परवाना) देईल” म्हणणाऱ्याच्या तर दारातूनच परत फिरा. आधी अर्ज ऐकण्यासाठी कोर्टाची परवानगी मिळावी लागते, मग सुनावणी, आणि जिंकलात तरी कोर्ट आश्रय देत नाही. निर्णय रद्द करून प्रकरण दुसऱ्या सदस्याकडे पाठवतं, झालं. आपल्या रिटसारखंच.

पोलिसांकडे गेलो तर, “हे व्यवहाराचं भांडण आहे, दिवाणीत जा.” मग एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतली. दुसरे साहेब म्हणाले ऑफिस अंधेरीत, तिकडच्या ठाण्यात जा. तिथले म्हणाले पैसे भांडुपहून गेले, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला. पावती पाहून म्हणाले, यात कोर्टाचं नाव कुठाय? खरंच नव्हतं, नुसतं ‘कन्सल्टन्सी चार्जेस’. पावतीवर कामाचं नाव लिहून घ्या, हात जोडतो! बँक म्हणते आरटीजीएस तुम्हीच केलंत. परदेशी जाणाऱ्यांचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयात विचारलं, मुलगा नोकरीसाठी गेला होता का? नाही? मग आमच्याकडे येत नाही. कॅनडातल्या कन्सल्टंटांच्या नियामक संस्थेला मेल केला, उत्तर आलं की हा आमचा सदस्यच नाही. म्हणजे सदस्य असता तर कारवाई, नाही म्हणून मोकळा. वा रे न्याय.

टोरंटोचा खरा वकील सांगतो की मुदतवाढ मागता येते, कारण पटवून द्यावं लागतं. पण वेळेत अर्ज केला असता तर निकाल लागेपर्यंत देशाबाहेर काढण्याला आपोआप स्थगिती मिळाली असती. मुदतवाढ मागणाऱ्याला ती स्थगिती आपोआप मिळत नाही, वेगळी मागावी लागते. तिची वकिलाची फी पुन्हा वेगळी.

त्या ऑफिसात शनिवारी मोफत सेमिनार चालूच आहे. ज्यांनी तिथे कॅनडाच्या कोर्टासाठी पैसे भरलेत त्यांनी उद्याची वाट न बघता आयएमएम नंबर मागा. आढेवेढे घेतले तर मुलाला आजच तिथल्या लीगल एडकडे, म्हणजे कायदेशीर मदत देणाऱ्यांकडे, पाठवा.