बोटीवर वारलेल्या पूर्वजाचा शोध: आधी कोणतं दप्तर उघडावं?

कोकणातल्या कितीतरी घरांत पणजोबांविषयी एवढंच सांगितलं जातं: बोटीवर होते, बोटीवरच गेले. तारीख नाही, कबर नाही, फोटो असलाच तर नशीब. पण जहाज ब्रिटिश निशाणाचं असेल तर खलाशाच्या मृत्यूची नोंद करणं कप्तानाला कायद्यानं भाग होतं, आणि अशा बऱ्याच नोंदी आजही शाबूत आहेत. त्या वेगवेगळ्या देशांत विखुरल्या आहेत. काही फुकट दिसतात, काहींना चांगले पैसे मोजावे लागतात. म्हणून कुठून सुरुवात करायची हे आधी ठरवलेलं बरं.

माझं मत स्पष्ट आहे. माणसाच्या नावामागे लागण्याआधी जहाजाचं नाव आणि साल मिळवा. आपल्या खलाशांची नावं इंग्रजी कारकुनांनी कानाला लागली तशी उतरवली. आडनाव बहुधा नसायचंच, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. वय अंदाजाने घातलेलं. रत्नागिरीचं स्पेलिंग जुन्या कागदांत ‘रटनाघेरी’ असं वाचावं लागतं, तर सुवर्णदुर्गाचं ‘सेव्हर्नड्रूग’ झालेलं असतं. जहाजाचं तसं नाही. प्रत्येक नोंदणीकृत ब्रिटिश जहाजाला सरकारी क्रमांक असे आणि जहाजाचं नाव बदललं तरी तो बदलत नसे. ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर नावावरून हा क्रमांक विनामूल्य सापडतो. जहाजाचं नाव मात्र घरातच शोधावं लागेल: ट्रंकेतलं डिस्चार्ज सर्टिफिकेट (बोटीवरची नोकरी संपल्याचा दाखला), कंपनीचं पत्र, मनीऑर्डरची पावती. नाहीतर ‘बी. आय. मध्ये होते’ (म्हणजे ब्रिटिश इंडिया ही आगबोट कंपनी), ‘क्लॅन लाइनवर होते’ (हीही आगबोट कंपनीच) असा कुणा म्हाताऱ्या आत्याला आठवणारा एखादा शब्दसुद्धा पुरतो.

मृत्यू महायुद्धाच्या काळातला असेल तर पहिला दरवाजा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा, म्हणजे महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेचा. त्यांची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. त्यात नाव, हुद्दा, जहाज, तारीख मिळते आणि कधीकधी बापाचं नाव आणि गावही. इथे एक गल्लत हमखास होते. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर व्यापारी जहाजांवरच्या हजारो माणसांची नावं आहेत, आणि तिथे आपलं नाव नाही म्हणून लोक शोध सोडून देतात. भारतीय खलाशांची नावं पाहायची ती मुंबईच्या स्मारकांत. मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नावांची नामावली मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणी ठेवलेली आहे. पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची ‘पर्शिया’ ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ पाणबुडीने बुडवली. तुमचा माणूस अशा एखाद्या बोटीवर असेल तर शोध तासाभरात लागू शकतो.

पण या यादीची मर्यादा फार मोठी आहे. व्यापारी जहाजावरच्या माणसाचं नाव तिथे लागायला मृत्यू युद्धामुळेच झालेला असावा लागतो. न्यूमोनियाने गेलेला, तांबड्या समुद्रात बॉयलरसमोर उष्माघाताने कोसळलेला किंवा गोदीत फळकुटावरून पडलेला माणूस भर युद्धात वारला तरी सहसा तिथे सापडत नाही. शांततेच्या काळाचा तर प्रश्नच नाही.

अशांसाठी लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली बीटी ३३४ ही मालिका पाहावी. १८९१ पासून १९७२ पर्यंत समुद्रावर झालेल्या जन्ममृत्यूंची ही रजिस्टरं आहेत. एका ओळीत जहाज आणि त्याचा क्रमांक, मृत्यूची तारीख, जागा (भर समुद्रात असल्यास अक्षांश-रेखांश), नाव, वय, हुद्दा, मूळ ठिकाण आणि मृत्यूचं कारण. रजिस्टरांच्या प्रती पैसे भरून चालणाऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर पाहता येतात, पण तिथल्या नावाच्या शोधावर विसंबू नका. जहाज आणि वर्ष घालून पानं चाळा. रोग असो की अपघात, इथे भेदभाव नाही, म्हणून शांतताकाळातल्या मृत्यूसाठी मी आधी हेच उघडेन.

एवढ्यावर समाधान होत असेल तर थांबायला हरकत नाही. माणूस बोटीवर कसा राहिला, त्याच्याबरोबर कोण होतं हे हवं असेल, तर पुढची पायरी क्रू-लिस्ट (बोटीवरच्या माणसांची यादी) आणि लॉगबुक (कप्तानाची नोंदवही). इथे खर्च आणि धीर दोन्ही लागतात, पण खरं घबाडही इथेच आहे. क्रू-लिस्टमध्ये सारंगापासून (खलाशांचा मुकादम) टंडेल (त्याचा हाताखालचा), खलाशी, आगवाले (बॉयलरमध्ये कोळसा घालणारे), भंडाऱ्यापर्यंत (स्वयंपाकी) सगळ्यांची नावं एकाखाली एक येतात. बरेचदा सारंग आपल्याच पंचक्रोशीतली माणसं घेऊन जाई, त्यामुळे यादीत शेजारच्या वाडीची नावंही निघतात. प्रवास संपल्याच्या रकान्यात इतरांपुढे बंदराचं नाव असतं आणि एकापुढे ‘मृत’ एवढाच शेरा.

लॉगबुक त्याहून बोलकं. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्याप्रमाणे मयताचं सामान कप्तानाने ताब्यात घ्यायचं, जवळची रोकड आणि वस्तू लॉगमध्ये लिहायच्या आणि काही विकलं तर आलेली किंमतही लिहायची. म्हणजे पणजोबांकडे शर्ट किती होते, ट्रंक होती की बोचकं, हिशेबाचे किती रुपये त्यांना देणं निघत होतं, हे कागदावर सापडू शकतं. घरात दुसरं काहीच उरलेलं नसताना या चार ओळींची किंमत करता येत नाही.

हे कागद मात्र एका जागी नाहीत. १८६३ ते १९३८ च्या याद्यांपैकी सुमारे दहा टक्के क्यूला आहेत. पाचाने संपणाऱ्या सालांच्या बहुतेक याद्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियमकडे आहेत. सुमारे सत्तर टक्के थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या मेरीटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये. तिथे जहाजाच्या क्रमांकाने यादी आहे का ते ऑनलाइन पाहायचं आणि मग शुल्क भरून प्रत मागवायची. १९१५ च्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, तेव्हा ते साल असेल तर पैसे खर्च करू नका. १९३९ ते १९५० साठी पुन्हा क्यू. मागणी करताना ‘लास्कर करार’ (लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी) असा स्पष्ट उल्लेख करा, कारण आपल्या माणसांचे करार बहुधा वेगळ्या कागदावर होत.

मुंबईचं पुराभिलेख खातं आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल मी नंतर ठेवेन. तिथे धोरणं, भरपाईचा पत्रव्यवहार, अपघातांच्या चौकश्या मिळतात. एकेका खलाशाचं नाव शोधून काढणं कठीण. पोर्टल घरबसल्या चाळता येतं, एवढा फायदा आहेच.

माणूस किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटीवर गेला असेल तर वाट अगदी वेगळी. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेल्या ‘रामदास’सारख्या दुर्घटनेत प्रवाशांचा शोध त्या आठवड्याच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांतून आणि गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीतून सुरू करावा.

आणि लॉगबुकात मृत्यूचं कारण शत्रूचा हल्ला असं स्पष्ट निघालं, पण मुंबईच्या नामावलीत नाव नसेल, तर ती प्रत जोडून वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे अर्ज करता येतो. राहून गेलेली नावं पुराव्यावरून आजही घेतली जातात. चुकीचं स्पेलिंगही असंच दुरुस्त होतं. फक्त अर्ज करताना बापाचं नाव आणि गाव आज आपण लिहितो तसं लिहा, आणि रजिस्टरात जसं आहे तसंही लिहा.