ओसू!लेझर सोर्समधून बिल्ड करून वापरताना: काही महिन्यांनंतर

ओसू! हा गाण्याच्या तालावर खेळायचा संगणक-गेम आहे, आणि त्याचं नवं रूप, लेझर, कुणीही सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, स्वतः तयार (बिल्ड) करू शकतं. रँकिंगसाठी खेळायचं असेल तर ओसू!चा तयार क्लायंट, म्हणजे संगणकावर चालणारा गेमचा प्रोग्राम, उतरवून घ्या आणि खेळायला लागा. स्वतः बिल्ड केलेल्या क्लायंटवरचे स्कोअर सर्व्हर स्वीकारत नाही, अधिकृत आवृत्तीच वापरा असं सांगतो. फसवणूक रोखायची तर हे योग्यच आहे. म्हणून माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत: ऑनलाइन खेळायला तयार क्लायंट, आणि बाकी सगळ्याला माझं बिल्ड. गेल्या पावसाळ्यापासून मी जास्त वेळ त्या दुसऱ्यातच घालवतेय.

ओळख थोडक्यात. डीन हर्बर्ट, म्हणजे सगळ्यांचा 'पेपी', यांनी २००७ मध्ये हा रिदम गेम आणला. लेझर हे त्याचं नव्याने लिहिलेलं रूप, सी शार्पमध्ये, एमआयटी परवान्याखाली. गाण्याच्या तालावर वर्तुळं टिपायचा मूळ प्रकार, शिवाय ताइको, कॅच आणि मानिया, असे चार खेळ एकाच क्लायंटमध्ये. कोड कुणीही घ्यावा आणि बदलावा, पण आवाज आणि चित्रं वेगळ्या, बिगर-व्यावसायिक परवान्याखाली आहेत, आणि 'ओसू!' हे नाव वापरायची मोकळीक नाही. स्वतःची आवृत्ती लोकांना वाटायचा विचार असेल तर हे आधी वाचा.

बिल्ड करणं मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच सोपं निघालं. डॉटनेट ८ चं एसडीके (बिल्ड करायची साधनं) टाका, गिट या साधनाने रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, क्लोन (नक्कल) करा, आणि 'ओसू.डेस्कटॉप' हा प्रोजेक्ट देऊन 'डॉटनेट रन' चालवा. लागणारी पॅकेजेस ते स्वतः आणतं. पहिल्या वेळी डाउनलोड बरंच होतं, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसू नका, आणि कोडमधल्या बदलांचा जुना इतिहास नको असेल तर क्लोन करताना डेप्थ १ द्या. कोड एडिटरमध्ये उघडणाऱ्यांनी मुख्य सोल्यूशन फाइलऐवजी डेस्कटॉपपुरती असलेली 'एसएलएनएफ' फाइल उघडावी. मुख्य फाइल अँड्रॉइड आणि आयओएसचे भागही ओढून आणते आणि त्यांच्या साधनांसाठी अडून बसते.

आता ज्यावर खरंच वेळ द्यायला हवा ते. काही न सांगता बिल्ड केलं तर डीबग, म्हणजे चुका शोधायची, आवृत्ती तयार होते. ती हळू चालते, मुख्य सर्व्हरऐवजी डेव्हलपमेंटच्या सर्व्हरला जोडली जाते, आणि तिचा डेटा 'ओसू-डेव्हलपमेंट' या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. कोडशी खेळायला हे उत्तम, कारण तुमच्या नेहमीच्या गाण्यांना आणि स्कोअरला धक्का लागत नाही. वेग हवा असेल तर रिलीज, म्हणजे नेहमीच्या वापराची, आवृत्ती बिल्ड करा. पण ती तयार क्लायंटचंच फोल्डर वापरते. ताज्या कोडने डेटाबेसची रचना पुढे नेली तर जुना तयार क्लायंट तो डेटाबेस उघडू शकत नाही. त्यामुळे रिलीज बिल्ड करण्याआधी त्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवणं मी कधीच टाळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? टायमिंगसाठी. रिदम गेममध्ये 'माझी क्लिक बरोबर होती, गेमनेच चूक धरली' असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच. इथे तो वाद कोड उघडून मिटवता येतो. अचूकतेची पातळी, म्हणजे ओडी, ८ असेल तर पूर्ण ३०० गुणांसाठी अलीकडे-पलीकडे जेमतेम ३२ मिलिसेकंद मिळतात. दर पातळीमागे ही खिडकी ६ मिलिसेकंदांनी आक्रसते. हे एकदा बघितलं की ब्लूटूथच्या इअरफोनवर खेळायचा विषयच संपतो. त्यांचा उशीर बहुतेक वेळा या खिडकीच्या कितीतरी पट असतो. ऑफसेट, म्हणजे आवाज मागेपुढे सरकवायचा आकडा, बदलून आवाज आणि चित्र जुळवता येईल, पण तुमच्या स्वतःच्या क्लिकचा आवाज तरी उशिराच कानावर पडणार. साधे वायरचे घ्या.

वायर लावल्यावर चार-पाच गाणी खेळा आणि ऑडिओच्या सेटिंगमध्ये जा. तुम्ही सरासरी किती लवकर किंवा उशिरा टिपता, त्यावरून लेझर स्वतःच ऑफसेट सुचवतं. एखाद्याच गाण्याची गडबड असेल तर फक्त त्या गाण्यापुरताही तो बदलता येतो. यूआर नावाचा आकडाही बघत जा. तो तुमच्या टिपण्यातल्या चढउताराच्या दहापट असतो: यूआर १०० म्हणजे प्रमाण विचलन १० मिलिसेकंद. सरासरी चुकत असेल तर ऑफसेट हलवा. यूआर मोठा असेल तर ऑफसेटला हात लावू नका, रियाज करा.

लेझरच्या आधीच्या जुन्या क्लायंटवरून येणाऱ्यांना स्लायडर, म्हणजे धरून मार्गावर सरकवायच्या खुणा, खटकतील. पूर्वी स्लायडरची सुरुवात थोडी इकडेतिकडे झाली तरी खपत असे. लेझर सुरुवातीचं टायमिंगही मोजतं. मला हेच बरोबर वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी 'क्लासिक' मॉड, म्हणजे खेळाचे नियम बदलणारा पर्याय, आहे.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे मॅप, म्हणजे गाण्यावर टिपायच्या खुणांची मांडणी, बनवायचा गेममधला एडिटर. ढोल-ताशाच्या एका रेकॉर्डिंगवर मी ताइकोचा मॅप बनवायला घेतला. स्टुडिओत क्लिक ट्रॅकवर (ठरलेल्या वेगाच्या टकटकीवर) वाजवलेल्या गाण्याला एक बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि एक सुरुवात दिली की भागतं. पथक रस्त्यावर वाजवतं तेव्हा लय माणसांच्या अंगात असते. ती चढते, ठेका बदलताना किंचित थबकते, पुन्हा पळते. त्यामुळे दर काही मात्रांनी नवा टायमिंग पॉइंट, म्हणजे लय बदलल्याची खूण, टाकावा लागतो. टायमिंगच्या पानावर मेट्रोनोम आहे, तालावर टॅप करून बीपीएम काढता येतो, आणि शेजारी लागोपाठच्या मात्रांच्या ध्वनिलहरी एकाखाली एक दिसतात. टिपरूचा ठोका कुठे सरकलाय ते तिथे डोळ्यांना कळतं. कानाला एकसारख्या वाटणाऱ्या आवर्तनांत किती फरक असतो, हे बघताना वादकांबद्दलचा माझा आदर वाढला.

मराठी लोकांना जाणवेल अशी एक उणीव मात्र आहे. गाण्याचं नाव देवनागरीत दिलं तर ते नीट उमटत नाही. लेझर ज्या कोडवर उभं आहे ते फ्रेमवर्क प्रत्येक अक्षरचिन्ह सुटं काढतं, मात्रा आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात नाही. मॅपमध्ये नावाला मूळ लिपीची आणि रोमन अशा दोन जागा असतात, म्हणून मी दोन्ही भरते आणि सेटिंगमध्ये मूळ लिपी दाखवणं बंद ठेवते. मजकूर काढणारा भाग फ्रेमवर्कच्या वेगळ्या रिपॉझिटरीत आहे, आणि ती स्थानिक प्रत गेमला जोडणारी स्क्रिप्ट सोबतच मिळते. ज्यांना सी शार्प येतं त्यांनी इथे जरूर हात घालावा.

पेन टॅब्लेट वापरणाऱ्यांसाठी: त्याचा आधार क्लायंटमध्येच आहे, पण लिनक्सवर यूडेव्हचे (उपकरणं सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) नियम टाकावे लागतात आणि कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वतःचा ड्रायव्हर आड येत असेल तर तो बंद करावा लागतो. आणि अद्ययावत करताना मास्टरवर, म्हणजे अगदी ताज्या कोडवर, जाण्याऐवजी तारखेच्या नावाचा शेवटचा रिलीज टॅग (त्या आवृत्तीची खूण) गिटमध्ये चेकआउट करा, म्हणजे निवडा, म्हणजे तुमचं बिल्ड आणि तयार क्लायंट एकाच डेटाबेसवर नांदतील.