जुन्या वाड्यावर थिसिस करताय? आधी हॅब्स उघडा (फुकट आहे)

आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला मेजर्ड ड्रॉइंग (उभी इमारत मोजून काढायचं ड्रॉइंग) आलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, शीट नेमकी दिसायला कशी पाहिजे? मग सीनियरची शीट निघते, ती त्याने त्याच्या सीनियरची बघून मारलेली असते, आणि असं करत करत कधीतरी कुणीतरी अंदाजपंचे काढलेली महिरप दर बॅचच्या शीटवर इमानेइतबारे उतरत राहते. पुण्यातल्या पेठांमध्ये डॉक्युमेंटेशन करणाऱ्या पोरांना मी हल्ली टेप हातात द्यायच्या आधी एक साइट उघडायला लावते, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवरचं हॅब्सचं कलेक्शन. पूर्ण नाव हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे. लॉगिन नाही, मेंबरशिप नाही, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र नाही, पैसे तर नाहीतच, आणि बहुतेक सगळं मटेरियल कॉपीराइटमुक्त, म्हणजे रिपोर्टमध्ये टाकलं तरी कुणी विचारत नाही (क्रेडिट लाइन मात्र द्या, तेवढी तरी लाज ठेवा).

अमेरिकेतली घरं बघून नारायण पेठेतल्या वाड्याचं काय होणार, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. बरोबर आहे, घरांचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो कागद कसा केलाय त्याचा.

थोडं बॅकग्राउंड. १९३३ सालची महामंदी, बांधकामं ठप्प, आर्किटेक्ट घरी बसलेले. नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या (तिथलं राष्ट्रीय उद्यानांचं सरकारी खातं) चार्ल्स पीटरसन नावाच्या माणसाने प्रपोजल टाकलं की हजार बेकार आर्किटेक्टना कामाला लावा आणि देशातल्या जुन्या इमारती मोजून घ्या, नाहीतरी त्या एकेक करून पडतच आहेत. आपल्या रोजगार हमीसारखंच, फक्त खडी फोडायच्या ऐवजी टेप आणि पेन्सिल. ते काम आजही चालू आहे, पुढे १९६९ मध्ये पूल, कारखाने, गिरण्या वगैरेंसाठी हेअर (हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनिअरिंग रेकॉर्ड) आणि २००० मध्ये बागा-लँडस्केपसाठी हाल्स (हिस्टॉरिक अमेरिकन लँडस्केप्स सर्व्हे) अशी दोन भावंडं जोडली गेली, आणि आता तिन्ही मिळून चाळीस हजारांच्या वर जागांचं ड्रॉइंग, फोटो आणि लेखी इतिहास एका ठिकाणी पडलाय. गिरणगावावर काम करणाऱ्यांनी थेट हेअरमध्ये शिरा, तिकडे टेक्स्टाइल मिल्स भरपूर आहेत.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे यातलं बरंच काम विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. १९५० च्या दशकापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत आर्किटेक्चरच्या पोरांच्या टीम्स पाठवायची पद्धत पडली, वर १९८३ पासून पीटरसनच्याच नावाने विद्यार्थ्यांच्या मेजर्ड ड्रॉइंगसाठी बक्षीस आहे, आणि स्पर्धेला केलेलं काम शेवटी त्याच लायब्ररीत जमा होतं. शीटच्या पट्टीवर ड्रॉन बाय म्हणून त्या पोराचं किंवा पोरीचं नाव असतं, साल असतं. आपल्याकडे नासाला (आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना, अंतराळवाली नव्हे) एलआयके म्हणजे लुई कान ट्रॉफीसाठी, ही डॉक्युमेंटेशनची स्पर्धा, पोरं रात्र रात्र जागून अप्रतिम डॉक्युमेंटेशन करतात, अख्खी गल्ली, अख्खा घाट मोजून आणतात, रिझल्ट लागतो, जल्लोष होतो आणि पुढच्या वर्षी त्या शीट्स कुठे आहेत विचारलं तर एकमेकांकडे बघतात. एका कॉलेजात (नाव नको) मी माळ्यावर वाड्यांच्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या बघितल्या, वाळवीने मधोमध आरपार बोगदा केलेला, आणि त्यातला एक वाडा आता उभा नाही. हॅब्सची अट काय, तर कागद, शाई, निगेटिव्ह सगळं पाचशे वर्षं टिकलं पाहिजे. पाचशे! आपण सबमिशनपर्यंत टिकलं तरी देवाला नारळ फोडतो.

आता कामाचं. साइटवर एखादी इमारत उघडली की साधारण तीन गोष्टी मिळतात, ड्रॉइंग, मोठ्या निगेटिव्हवरचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि डेटा पेजेस. पोरं ड्रॉइंग बघून बंद करतात. तसं करू नका, डेटा पेजेस वाचा. त्यांचा एक ठरलेला साचा आहे, बांधल्याचं साल, आर्किटेक्ट, मूळ मालक आणि नंतरचे मालक, काय काय बदल झाले, मग बाहेरून वर्णन, आतून वर्णन, आणि शेवटी सोर्सेस. त्या सोर्सेसच्या भागात एक रकाना असतो, अजून न तपासलेले संभाव्य सोर्सेस. हा रकाना मला सोन्याच्या किमतीचा वाटतो. कारण आपल्याकडे थिसिसमध्ये जे बघितलं नाही ते लपवायची सवय, ज्युरीने विचारलं तर घाम फुटतो. इथे उलट, सरळ लिहायचं की पेशवे दफ्तरात या घराण्याचे कागद असू शकतात, मोडीत असणार, आम्ही पोचलो नाही, भारत इतिहास संशोधक मंडळात विचारायचं राहिलं, सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिकेचा उतारा काढलाय पण त्याआधीचे फेरफार बघितलेले नाहीत. पुढच्या बॅचला काम कुठून उचलायचं ते आयतं कळतं. मी हा रकाना रिपोर्टमध्ये कंपल्सरी केलाय आणि पोरं कुरकुर करतात, करू देत.

ड्रॉइंगमध्ये बघायची गोष्ट म्हणजे स्केल. शीटवर फूट-इंच आणि मीटर दोन्हीच्या काढलेल्या पट्ट्या असतात, त्यामुळे तुम्ही ती ए-थ्रीवर छापा नाहीतर मोबाइलवर बघा, माप लागतंच. नुसतं एकास पन्नास लिहिलेली शीट झेरॉक्सवाल्याने फिट टू पेज केली की संपली. दुसरं, मोजायची पद्धत. ही साइटवर नाही, पार्क सर्व्हिसच्या गाइडलाइन्सच्या पीडीएफमध्ये आहे, त्याही फुकट. टेपचा शून्य एका कोपऱ्यात पक्का धरायचा आणि तिथून सगळ्या ओपनिंग्जची (दारं, खिडक्या) रनिंग मापं वाचत जायची. आपली पोरं काय करतात, वाड्यात खांब ते खांब एकेक खण वेगळा मोजतात आणि बेरीज मारतात, मग सोप्यापासून माजघरापर्यंत जाईतो इंचाइंचाने एवढा फरक पडतो की जिना देवघरात घुसतो. आणि चौकाचे कर्ण घ्या, प्लीज. पेठेतला कुठलाही चौक काटकोनात नसतो, तुमच्या कॅडमध्ये असतो.

तुळया, कडीपाट, तळखडे, कोनाडे यांचं काय करायचं हे अर्थात हॅब्स सांगणार नाही, पण लाकडी फ्रेमच्या घरांची सेक्शन्स बघा, जोड वेगळा मोठा करून कसा दाखवलाय, कापलेल्या लाकडाची रेघ किती जाड आणि मागे दिसणाऱ्याची किती बारीक, ते बघून पोरांचे सेक्शन एकदम सुधारतात. भिंतीला तडा असेल तर तडा दाखवायचा, खांब कलला असेल तर कललेला दाखवायचा. मूळचं असं असेल म्हणून सरळ करायचा नाही. पोरांना हे पटवायला मला शीट्स दाखवाव्या लागतात, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

पेन स्टेशन एकदा नक्की उघडा. न्यूयॉर्कचं १९१० चं ते प्रचंड स्टेशन, १९६३ मध्ये पाडायला घेतलं, त्याच्या आदल्या वर्षी सर्विन रॉबिन्सनने हॅब्ससाठी त्याचे फोटो काढले. त्या पाडापाडीवरून एवढी बोंबाबोंब झाली की १९६५ मध्ये न्यूयॉर्कने आपला लँडमार्क कायदा केला, १९६६ मध्ये देशाचा प्रिझर्वेशनचा कायदा आला. फोटो काढून इमारत वाचली नाही हेही खरं, उगाच भाबडेपणा नको. पण कॉन्कोर्समधलं ते लोखंड आणि काच कसं होतं यावर आज कुणी थापा मारू शकत नाही.

आता नावं ठेवायच्या गोष्टी. सर्च म्हणजे डोक्याला ताप. सगळं राज्य, मग काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), मग गाव असं लावलेलं, आणि आपल्याला कुठली काउंटी ते काय माहीत, त्यामुळे नुसतं टिंबर फ्रेम टाकलं की नको ते सगळं येतं. कित्येक ठिकाणी ड्रॉइंगच नाही, चार फोटो आणि दोन पानं. साइटवर बसून काढलेल्या कच्च्या वह्याही ते जपून ठेवतात, पण त्या ऑनलाइन क्वचितच दिसतात, आणि शिकणाऱ्याला खरं तर त्याच हव्या असतात, खाडाखोडीसकट. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत १८६० च्या आधीच्या इमारतींवरच सगळा भर, म्हणजे बड्या लोकांचे बंगले जास्त, साध्या माणसांच्या वस्त्या उशिरा आल्या. चाळींवर काम करणाऱ्यांना तेवढं खोदावं लागेल.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा सर्चने खाल्ला.

आणि हो, छापायचं असेल तर जेपेग घेऊ नका, हॅचिंग (भिंतीत भरलेल्या बारीक तिरक्या रेघा) चिकटून सगळी भिंत काळी येते. टिफ घ्या. फाइल भयंकर जड असते, हॉस्टेलच्या वायफायवर रात्री लावून झोपा.