घरच्या सूक्ष्मदर्शकातून पेशी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, मी एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शक विकत घेतला. चिपळुणात मी घरीच आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. पेशी आणि पेशीअंगके, म्हणजे पेशीच्या आतले भाग, शिकवताना दरवर्षी फळ्यावर तीच अंडाकृती आकृती काढून मला कंटाळा आला होता, आणि ती नावांसकट पाठ करण्याचा मुलांना तर त्याहून अधिक. अंबाल्यात बनलेले हे यंत्र लाकडी पेटीसह साडेअकरा हजारांना पडले. त्याला ४, १०, ४० आणि १०० पट अशी काचपट्टीकडची चार पदार्थभिंगे, डोळा लावायची १० पटीची एक नेत्रिका, खाली एलईडी दिवा, उजेड एकवटणारा कंडेन्सर व तो कमी-जास्त करणारा डायाफ्राम आणि काचपट्टी सरकवण्यासाठी यांत्रिक मंच आहे. पुस्तकातल्या आकृतीतील किती गोष्टी यातून खरोखर दिसतात, एवढ्या एकाच कसोटीवर मी ते तपासत आले आहे. बहुतेक सगळ्या दिसतील अशी माझी घेतानाची समजूत होती आणि ती निम्म्याहून अधिक चुकीची निघाली.

सुरुवात अर्थातच कांद्याने झाली. मांसल पापुद्र्याच्या आतल्या बाजूची पातळ साल, आयोडीनचा एक थेंब आणि वर कव्हरस्लिप, एवढ्यावर विटांच्या भिंतीसारख्या पेशी लख्ख दिसतात. ४ पटीच्या भिंगाखाली प्लास्टिकची पारदर्शक मोजपट्टी ठेवली तेव्हा दृष्टिक्षेत्र साडेचार मिलिमीटरचे भरले; म्हणजे १० पटीच्या भिंगाखाली ते १.८ मिलिमीटर असणार. त्या रुंदीत लांबीकडून सात पेशी मावल्या, म्हणजे एक पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब. हा हिशोब मुलांनी स्वतः वहीत केला आणि पेशी डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असली तरी मोजता येते, हे त्यांना पहिल्यांदा पटले. केंद्रक मात्र पुस्तकातल्यासारखे मध्यभागी नव्हते. ते जवळपास प्रत्येक पेशीत भिंतीला चिकटून बसलेले होते, कारण वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतिपेशीची बहुतेक जागा रिक्तिका, म्हणजे रसाने भरलेली पिशवी, व्यापते आणि पेशीद्रव्याला कडेला एका पातळ थरात राहावे लागते. केंद्रकाला हे नाव देणारे रॉबर्ट ब्राउन १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशी पाहत होते, तेही एकाच भिंगाच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून, हे सांगितल्यावर आमच्या चार भिंगांची ऐट थोडी उतरली.

रिक्तिका कांद्यात दिसत नाही. दिसते ती फक्त मोकळी जागा. त्यासाठी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल घ्यावी. हा जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसातच असतो. काचपट्टीच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घेतले, की दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो आणि आक्रसत मध्ये गोळा होतो. पेशीपटलाची जाडी १ मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी असते, त्यामुळे ते या यंत्रातून दिसणे शक्यच नाही. पण भित्तिका जागच्या जागी आणि रंगाची कडा तिच्यापासून दूर, हे दृश्य पाहिल्यावर पटल आणि भित्तिका या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. साधे पाणी सोडल्यावर रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरतो. या आक्रसण्यालाच रसाकुंचन म्हणतात. त्याची व्याख्या मी वीस वर्षे लिहून देत आले. या वर्षी ती मुलांनीच आपल्या शब्दांत सांगितली.

आतापर्यंतची सर्वांत मोलाची काचपट्टी मात्र हायड्रिला या पाणवनस्पतीची. शोभेच्या माशांच्या दुकानातून दहा रुपयांची जुडी आणली, शेंड्याजवळचे एक कोवळे पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवले आणि रंग, कापणे असले काहीच केले नाही, कारण ते पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचे असते. ४० पटीच्या भिंगाखाली हरितलवके, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारी अंगके, हिरव्या मण्यांसारखी दिसली, आणि निश्चल. पाचेक मिनिटे दिव्याखाली राहिल्यावर मध्यशिरेजवळच्या एका पेशीत ती हलू लागली. आधी दोन-तीन, मग रांगच्या रांग भिंतीलगत सरकू लागली, कोपऱ्याशी जराशी थबकून वळायची आणि पलीकडच्या भिंतीने परत यायची. एका मुलीने घड्याळ लावून पाहिले, तर पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाशी जायला एका लवकाला अठरा सेकंद लागले. लवके स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रव्यात ॲक्टिनचे धागे असतात, त्यांवरून मायोसिन हे प्रथिन एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा खर्चून चालते आणि त्या ओढीने पेशीद्रव्य लवकांसह वाहते. आपल्या स्नायूंचे आकुंचनही याच दोन प्रथिनांच्या जोडीवर चालते. त्या दिवशी शिकवणी पाऊण तास लांबली आणि दोन पालक दाराशी ताटकळत उभे राहिले.

मग अपेक्षित प्रश्न आलाच. गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवून पाहताना एकाने विचारले, “बाई, केंद्रक दिसलं, पण तंतुकणिका कुठे आहेत?” तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके. त्या का दिसत नाहीत, याचे उत्तर पदार्थभिंगावरच कोरलेले असते, फक्त दुकानदार ते सांगत नाही. ४० च्या शेजारी ०.६५ असा आकडा आहे; भिंग किती बारीक तपशील वेगळे दाखवू शकते, हे तो सांगतो. त्यावरून हिशोब केल्यास हिरव्या प्रकाशात साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू या भिंगाला वेगळे दाखवता येत नाहीत. काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून वापरायच्या १०० पटीच्या भिंगावर १.२५ आहे, त्याची मर्यादा पाव मायक्रोमीटरच्या थोडी वर. तंतुकणिका अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद असतात, म्हणजे त्या कशाबशा आवाक्यात येतात. मात्र त्या पारदर्शक असल्यामुळे रंगाशिवाय उठून दिसत नाहीत. म्हणून तंतुकणिका रंगवणारे जानस ग्रीन बी हे रंगद्रव्य मुंबईहून मागवले. पहिले दोन प्रयत्न फसले, कारण द्रावण दाट झाले, पेशी मेल्या आणि सगळेच निळे झाले. पाण्याला जेमतेम झाक येईल इतके पातळ केल्यावर, तेलातल्या भिंगाखाली, कांद्याच्या पेशीत निळसर हिरवे बारीक ठिपके पेशीद्रव्याबरोबर वाहताना दिसले. इतरत्र हा रंग क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन फिका पडतो. तंतुकणिकांतील श्वसनाची विकरे तो ऑक्सिडीकृत ठेवतात, म्हणून तेवढ्यांतच टिकतो. कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपत आला की तेथेही तो गुलाबी होऊन उडतो, त्यामुळे पाहायचे ते पटकन पाहावे.

त्यापलीकडे या यंत्राची धाव नाही. प्रथिने बनवणारा रायबोझोम सुमारे २५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), म्हणजे मर्यादेच्या दहापट खाली. आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचीही तीच गत. इटालियन वैज्ञानिक गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवून, आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे गॉल्गी संकुल हे अंगक प्रकाशाच्याच सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते खरे, पण ते खरे अंगक की रंगाचा डाग, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत अर्धशतक चालला. तेव्हा २० पटीची नेत्रिका लावून “२००० पट” मिळवून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. चित्र मोठे होते, तपशील एकही वाढत नाही. मीही ती नेत्रिका घेतली होती. आता ती पेटीतच असते.

तक्रारी दोन. ढोबळ जुळवणीचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात सैल पडला आणि मंच आपोआप खाली घसरू लागला. विक्रेत्याने फोन उचलणेच बंद केले; शेवटी स्क्रूलगतची कडी आवळून मीच तो ठीक केला. दुसरी तक्रार यंत्राची कमी आणि आमच्या पावसाची जास्त. ऑगस्टमध्ये नेत्रिकेच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आणि कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटून बसल्या. भिंग उघडून पुसून घेतले, तरी एक पुसट धागा अजून डाव्या कडेला दिसतो. तेव्हापासून यंत्र लाकडी पेटीऐवजी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेल, आणि ते दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवते.

शाळकरी मुलांसाठी घेणार असाल, तर १०० पटीचे भिंग नसलेला स्वस्त नमुनाही पुरेल. दहा महिन्यांत मी ते चारच वेळा लावले, आणि दर वेळी तेल पुसण्यात पाहण्याहून अधिक वेळ गेला. मात्र डायाफ्राम नसलेले यंत्र घेऊ नका. हायड्रिलाची लवके आणि गालाच्या पेशीची कड मला दिसली ती उजेड कमी केल्यावरच. वाचलेल्या पैशांत आयोडीन, मिथिलीन ब्लू आणि कव्हरस्लिपांच्या चार डब्या येतील, आणि त्या डब्या तुम्हाला वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात.