बॉनेटवरचे टवके: बाटली की स्प्रे?

मुंबई-गोवा महामार्गाच्या हातखंबा ते चिपळूण या पट्ट्यात चौपदरीकरणाच्या दिवसांत ज्यांनी डंपरच्या मागून गाडी चालवली आहे, त्यांना बॉनेटवर तिळाएवढे टवके कसे उडतात हे सांगायला नको. माझ्या ग्रे मेटॅलिक गाडीवर दोन वर्षांत नऊ झाले. वर फाटकाच्या खांबाने बंपरला दिलेला वीतभर ओरखडा. एवढ्यासाठी विम्याचा क्लेम घातला तर नो-क्लेम बोनसवर पाणी सोडायचं. गॅरेजवाला टवका बघतच नाही, तो अख्खं बॉनेट रंगवायचं म्हणतो. मग घरीच करायचं ठरवलं आणि टच-अपची, म्हणजे टवके भरायच्या रंगाची छोटी बाटली आणि त्याच रंगाच्या स्प्रेचा डबा, दोन्ही मागवले.

नख फिरवल्यावर अडकत नसेल तर यातलं काहीच लागत नाही, रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने भागतं. पेनाच्या आकाराचे टच-अपही मिळतात. मेटॅलिक रंगात माझं टोक दुसऱ्याच दिवशी तुंबलं, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही नाही. मात्र बाटली घ्या की स्प्रे, गाडीच्या रंगाचा कोड बघूनच घ्या. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली स्टिकर असतो. कोड बरोबर असला तरी सात वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीशी नवा रंग तंतोतंत जुळेल अशी आशा धरू नका.

आधी स्प्रेबद्दल, कारण मीही आधी त्याच्याच प्रेमात पडलो होतो. मेटॅलिक रंगातली चमक, म्हणजे त्यातली बारीक चकाकती पूड, फवाऱ्याने जशी बसते तशी ब्रशने बसत नाही. ब्रशने लावलेला ठिपका किंचित गडद दिसतो. ओरखडा लांब असेल तर स्प्रेला पर्याय नाही असंच म्हणावं लागेल. वीतभर अंतरावरून पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पातळ हात. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे आधी प्लास्टिकचा प्रायमर, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. बंपरचं काम खरोखर चांगलं झालं, अजूनही लोकांना दाखवतो.

त्या यशाने डोकं फिरलं आणि मी तोच डबा बॉनेटवर घेऊन गेलो.

टवका तिळाएवढा, पण कागद आणि टेप लावायचा तो चारी बाजूंनी हातभर. कारण टेपच्या काठापर्यंत दाट फवारलं की टेप काढल्यावर तिथे कडा उरते, आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती टवक्यापेक्षा जास्त दिसते. काच, वायपर, दिवे सगळं झाकण्यात सकाळ गेली. तोवर रत्नागिरीचा दुपारचा वारा सुटला. मे महिना होता, शेजारच्या काकूंची अमसुलं अंगणात सुपावर वाळत होती. फवारा किती उडाला ते मला दिसलंही नाही. काकूंनी एक अमसूल नाकाशी नेलं आणि काही न बोलता अख्खं सूप उकिरड्यावर रिकामं केलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इकडे गाडीच्या टपावरून हात फिरवला तर रवा सांडल्यासारखं खरखरीत. कंपाउंड घासून ते काढण्यात पुढचे दोन रविवार गेले. एका तिळापायी.

वारा टाळून पावसाळ्यात उघडीप बघून करावं म्हटलं, तर दमट हवेत क्लिअर कोटवर पांढुरकी झाक आली. शेड बंद असेल, मास्क असेल, कोरडी हवा असेल, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पुण्या-नाशिकच्या मंडळींना हा त्रास कदाचित कमी होईल.

बाटलीला यातलं काही लागत नाही. गाडी धुवायची, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नाहीतर जुन्या पॉलिशवर रंग धरत नाही. टवका तपकिरी पडला असेल तर आधी गंज खरवडून प्रायमरचा थेंब. झाकणाला लावलेला ब्रश विसरा, तो तिळासाठी फारच जाडा आहे. टूथपिक किंवा उदबत्तीची काडी तासून घ्या आणि टोकाने रंगाचा थेंब खड्ड्यात सोडा. वाळला की तो खाली बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन-चार थेंब, वर क्लिअरचा एक. आठवडाभर हात लावायचा नाही. मग खोडरबराच्या तुकड्याला २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, भरपूर पाण्यात, फक्त उंचवटा सपाट होईपर्यंत हलकं घासायचं. इथे जोर लावलात तर आजूबाजूचा मूळ क्लिअर कोट जातो. तो मुळात केसापेक्षाही पातळ असतो. शेवटी कंपाउंड.

ठिपका गायब होतो असं मी म्हणणार नाही. नाक लावून पाहिलंत तर सापडतो. पण दोन हातांवरून माझ्या बायकोला नऊपैकी दोनच सापडले, आणि तिची नजर तिखट आहे. मुख्य म्हणजे खारी हवा आतल्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. पहिल्या थेंबांना तीन पावसाळे झाले, गंज नाही.

तेव्हा बंपर किंवा लांब ओरखडा असेल तर स्प्रे, तोही वारा पडलेल्या सकाळी. आरशाचं कव्हर तर काढून आणून माळ्यावर रंगवता येतं. बॉनेटच्या टवक्यांसाठी मात्र मी तरी बाटलीच घेईन. माझी अजून अर्धी आहे, ऑफिसला जाण्याआधी पाच मिनिटांत एक थेंब होतो. स्प्रेचा डबा काम झाल्यावर उलटा धरून नळी साफ करायची असते, ते त्या अमसुलांच्या गोंधळात राहून गेलं. अर्धा भरलेला डबा शेडमध्ये पडून आहे, दाबला तर नुसता फुसफुसतो.