मीटरवर आकडा बरोबर, पिकअप बनावट

पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने लेस पॉल पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी सेमूर डंकन कंपनीच्या एसएच-१ पिकअपचा सेट घेतला. पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि वायरच्या वेढ्यांचा भाग. जुना, पण ‘एकदाच बसवून काढलेला’. किंमत नव्याच्या निम्मी. विकणारा तयारीचा होता. मागायच्या आधीच त्याने व्हिडिओ पाठवला: मल्टीमीटरवर नेकचा (गिटारच्या मानेकडचा) पिकअप ७.५ किलोओम, ब्रिजचा (तारा टेकतात त्या पुलाकडचा) ८.१. कंपनीच्या तक्त्यातही जवळपास हेच आकडे आहेत. पैसे यूपीआयने गेले, पार्सल आलं, पिकअप बसले आणि गिटारचा आवाज होता त्यापेक्षाही पातळ झाला. गेन वाढवला की शिट्टी. दोन आठवडे आधी अँपवर, मग केबलवर, मग सोल्डरिंगवर संशय घेण्यात गेले. शेवटी पिकअप खालून सैल करून पाहिला, तर आत काळं सिरॅमिक चुंबक, मेणाचा मागमूस नाही आणि वायर हवी त्याहून बारीक. ज्या कंपनीचं नाव वर होतं तिचा या मालाशी काडीचा संबंध नव्हता. तिच्या नावाचा फक्त छाप होता.

या फसवणुकीत खरं हत्यार होतं तो व्हिडिओ. बनावट माल बनवणाऱ्यालाही तक्ता वाचता येतो, आणि गिऱ्हाईक ‘किती के (किलोओम) आहे?’ एवढंच विचारतं हेही त्याला पक्कं माहीत असतं. मग तो तेवढा एकच आकडा जुळवून देतो.

हे कसं जमतं ते मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातला कारागीर दोन मिनिटांत सांगेल. रोध (ओममध्ये मोजतात तो रेझिस्टन्स) म्हणजे वायरची लांबी आणि जाडी यांचा हिशोब. त्यातून वेढे किती ते कळत नाही. जुन्या धाटणीच्या हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, ४२ गेजची वायर असते, जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर, आणि प्रत्येक कॉइलला साधारण ५,००० वेढे. दोन्ही कॉइल मिळून आठ किलोओमच्या आसपास भरतं. आता ४३ गेजची, म्हणजे त्याहून बारीक वायर घ्या. ती दर फुटाला सुमारे सव्वापट रोध देते. म्हणजे चार हजारांच्या आतबाहेर वेढ्यांतच मीटर तोच आकडा दाखवतो. ४४ गेज घेतली तर तीन हजारांच्या थोडं वर पुरे. मशीनवरचा वेळ वाचतो, तांबं वाचतं, आकडा जागेवर.

पण आवाज वेढ्यांवर अवलंबून असतो. इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचा हेन्रीत मोजला जाणारा गुण, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५,००० वेढ्यांना साडेचार हेन्री धरले, तर ४,००० वेढ्यांना तीनच्या खाली येतात आणि ३,१०० ला दोनच्याही खाली. इंडक्टन्स घटला की पिकअपचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला तो सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती) वर सरकतो: मधला भरीवपणा जातो, वरचा किरकिराट राहतो. आउटपुटही वेढ्यांबरोबर उतरतं. ‘आठ के आहे, तरी सिंगल कॉइलसारखा का वाजतो?’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

म्हणून आकडा घ्यायचाच तर हेन्रीतला घ्या. त्यासाठी इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत तो मिळतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत तर असतोच. मोजताना वारंवारता १०० किंवा १२० हर्ट्झ ठेवा. वरच्या वारंवारतेला धातूच्या कव्हरमुळे आणि बेसप्लेटमुळे आकडा बदलतो आणि चांगल्या पिकअपवरही उगाच शंका येते. पिकअप सर्किटपासून सुटा हवा. साधे कंपोनंट टेस्टर इथे भरवशाचे नाहीत, कारण हजारो ओमचा रोध शेजारी असला की ते गडबडतात. जुन्या धाटणीच्या हंबकरला चार ते पाच हेन्री, स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या सिंगल कॉइलला दोन ते अडीच, आणि सेमूर डंकनच्या जेबीसारख्या गरम (जास्त आउटपुटच्या) पिकअपला आठच्या आसपास, एवढं लक्षात असलं तरी बाजारात पुरतं.

ओम मोजायचेच असतील तर तापमान विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. वीस अंशांना ८.१ किलोओमचा पिकअप मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८.६ ते ८.७ दाखवणार, आणि त्याच खोलीत बरोबर ८.१ दाखवणारा पिकअप मुळात ७.६ चा निघेल. अर्थात खऱ्या पिकअपमध्येही नगागणिक थोडा फरक असतोच, त्यामुळे पाच टक्क्यांवरून कुणाशी भांडू नका. मीटर २० किलोओमच्या रेंजवर ठेवा, आणि दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी धरू नका. अंगाचा रोध समांतर जोडला जातो. पिकअप गिटारमध्येच असेल तर जॅकमध्ये केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मोजता येतं: व्हॉल्यूम पूर्ण दहावर, सिलेक्टर एकाच पिकअपवर. ५०० किलोओमचा पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा बदलता रोध) समांतर असल्याने आकडा जरासा कमी येतो, ८.१ चा ७.९७. सिलेक्टर मध्ये राहिला तर दोन्ही पिकअप समांतर होऊन निम्म्याजवळचा आकडा येतो आणि लोक घाबरतात.

आता चुंबक. हंबकरमध्ये दोन बॉबिनच्या (वायर गुंडाळलेल्या रिळांच्या) खाली एक सपाट पट्टी असते. ‘अल्निको ५’ म्हणून विकलेल्या बनावट मालात हमखास सिरॅमिक सापडतं, कारण ते स्वस्त असतं. ओळखायला मल्टीमीटरचा बीप पुरतो. अल्निको हा धातू आहे, त्यातून वीज वाहते, बीप वाजतो. सिरॅमिकमधून वाहत नाही, मीटर गप्प. अल्निकोवर रंग किंवा मेण असेल तर आधी टोकाला जरा खरवडा. कव्हर नसलेल्या पिकअपमध्ये बेसप्लेटखालचे चार स्क्रू एकदोन फेरे सैल केले की बाजूच्या फटीतून पट्टीची कड दिसते. याहून जास्त उघडू नका. बॉबिन ओढली तर आतली केसाएवढी वायर तुटते आणि खरा पिकअपही संपतो. पट्टी बाहेर काढायची वेळ आलीच तर तिच्यावर पेन्सिलने खूण करा. ती उलटी बसली तर दुसऱ्या पिकअपबरोबर वाजवताना आवाज फेजबाहेर जातो, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खातात. सोल्डर केलेलं धातूचं कव्हर असेल तर आत डोकावता येत नाही, आणि बनावट माल कव्हरसकट जास्त येतो तो काही उगाच नाही. कव्हरही बहुधा पितळेचं असतं. चांगल्या कव्हरला निकेल सिल्व्हर वापरतात (नावातच चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त). पितळेत एडी करंट (धातूत घुमणारे विजेचे प्रवाह) जास्त निर्माण होतात आणि वरचे स्वर बुजतात.

सिरॅमिक म्हणजे वाईट असा मात्र समज करून घेऊ नका. १९७२ मध्ये आलेला डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप सिरॅमिकवरच चालतो आणि उत्तम चालतो. तक्रार आहे ती एक सांगून दुसरं विकण्याची.

स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलमध्ये तपासणी याहून सोपी आहे. पिकअप उलटा करा. खाली आडवी काळी पट्टी चिकटवलेली असेल तर वरचे सहा खांब साध्या लोखंडाचे आहेत आणि चुंबक ती पट्टी आहे. अल्निकोच्या पिकअपमध्ये ते सहा खांबच चुंबक असतात, खाली पट्टी नसते. ‘अल्निको ५ व्हिंटेज सेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा फक्त वरून काढलेला फोटो देतात तो याचसाठी.

शिट्टी का येते? मेणामुळे, म्हणजे ते नसल्यामुळे. वेढे सैल राहिले की मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोन बनतो. अँप चालू ठेवून बॉबिनवर नखाने टिचकी मारा. स्पीकरमधून टक्क असा ठसठशीत आवाज आला तर मेण नाही किंवा नीट मुरलेलं नाही. मात्र पीएएफच्या (गिब्सन कंपनीच्या जुन्या, मूळ हंबकरच्या) धर्तीवरचे काही चांगले पिकअप मुद्दाम मेणाशिवाय बनवतात, तेव्हा आधी त्या मॉडेलची माहिती पाहा.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते वायरचे रंग. सेमूर डंकनच्या चार वायरींत काळी गरम (सिग्नलची), हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओत लाल गरम, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. बनावट मालात रंग डंकनचे, पण आत कुठली वायर कुठे जोडली आहे ते नशिबावर. तक्त्याप्रमाणे जोडलं की एक कॉइल उलटी पडते: तारांचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गुणगुण उलट दुप्पट होते. म्हणून सोल्डरिंगआधी लाल-पांढरीचा जोड सोडा. काळी ते पांढरी सुमारे निम्मा रोध, लाल ते हिरवी निम्मा, आणि काळी ते हिरवी काहीच नाही. उघडी तार या चौघींपैकी कुणालाच लागलेली नसावी. मग मीटरचा लाल प्रोब काळ्या वायरला, काळा प्रोब पांढऱ्या वायरला लावा, स्क्रूड्रायव्हरचं जाड पातं दोन्ही कॉइलच्या खांबांवर आडवं ठेवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते टिपून घ्या. आता लाल प्रोब लाल वायरला, काळा प्रोब हिरव्याला लावून हेच करा. दोन्ही वेळा आकडा एकाच दिशेने हलला पाहिजे.

ईएमजी कंपनीच्या ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपची नक्कल पकडणं सगळ्यात सोपं, तरी लोक फसतात. काळा बंद डबा, वर लोगो, आत पाहायला वाव नाही. ९ व्होल्टची बॅटरी काढा. खरा ईएमजी ८१ गप्प होतो. नक्कल बॅटरीशिवायही वाजत राहते, कारण आत प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) नसतोच. आणखी एक खूण: खऱ्याबरोबर २५ किलोओमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक येतो. सोबत ५०० किलोओमचे पॉट आले तर तिथेच थांबा. बॅटरीच्या वायरीत मीटर मायक्रोॲम्पिअरवर लावला तर एका ८१ ला ८० च्या आसपास करंट दिसतो. याच कंपनीचे एचझेड हे पॅसिव्ह पिकअपही आहेत, ते बॅटरीशिवाय वाजणारच. त्यांच्यावर खोटा आळ घेऊ नका.

सेटबरोबर ‘फुकट’ मिळणारी हार्नेसही (पॉट आणि जॅकची तयार वायरिंग) मोजा. ५०० चा पॉट चारशेच्या खाली भरला तर आवाज मंद वाटतो आणि दोष पिकअपवर जातो. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. नॉब मध्यावर आणून मोजा. बी निम्मा दाखवतो, ए दहा ते वीस टक्के. शिक्का ए आणि वागणूक बी असे पॉट भरपूर फिरतात.

स्टिकर, होलोग्रॅम, बॉक्स यांना पुरावा मानू नका. छापखान्यात सगळं होतं. स्टिकरचं तर मूळच गमतीचं आहे. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी केलेल्या हंबकरच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. त्या काळात पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केला आहे) असं स्टिकर असायचं, त्याच्याच आद्याक्षरांवरून पीएएफ हे नाव पडलं. पुढे गिब्सनने क्रमांक छापला तो २७३७८४२, आणि तो निघतो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारा अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा. अस्सल स्टिकरवरच चुकीचा क्रमांक होता. बनावटवर सगळं बरोबर असलं तर त्याने काय सिद्ध होतं?

विकत घेताना पैसे देण्याआधी या गोष्टी मागा: खालच्या बाजूचा फोटो, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, लाल-पांढरी सोडून दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजल्याचा व्हिडिओ, चुंबकाच्या कडेवर बीपची चाचणी. तयार व्हिडिओ झटक्यात पाठवणारा याला टाळाटाळ करतो. ब्रिजसाठी घेत असाल तर पहिल्या ते सहाव्या खांबाचं अंतर पट्टीने मोजून मागा. गिब्सन पद्धतीत ते ४९-५० मिलिमीटर असतं, स्ट्रॅट पद्धतीच्या ट्रेमोलोला (दांड्याने हलणाऱ्या ब्रिजला) ५१ ते ५३ लागतं. समोरासमोर भेटून, वाजवून पैसे देता आले तर उत्तम. पार्सल असेल तर सीलबंद डब्यापासून मीटर लावेपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा आणि तपासणी संपेपर्यंत पिकअपची वायर कापू नका. वायर आखूड झाली की परतावा नाकारायला कारण मिळतं. पैसे परत घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ‘रिफंड पाठवतो, स्कॅन करा’ म्हणणारा दुसऱ्यांदा लुटतोय.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर आली. दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्या विद्यार्थ्याला पैसे मिळाले नाहीत. नंबर बंद होता. सेट अगदीच टाकाऊ नाही. सिरॅमिकच्या जागी त्याच मापाचं अल्निको बसवता येतं, आणि चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण ६५ अंशांपर्यंत गरम करून, कव्हर काढून, बुडबुडे थांबेपर्यंत त्यात बुडवला की शिट्टी जाते. मेण कायम दुहेरी भांड्यात, पाण्यावर वितळवा, थेट आचेवर नको. तापमान सत्तरच्या पुढे गेलं तर बॉबिन वाकडी होते. वेढे मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे आवाज पातळच, फक्त सुसह्य. सरावाच्या गिटारला चालेल. पुढे विकायचा असेल तर आधी ते स्टिकर खरवडून काढा.